अळीसाठी एक पान

माणसाला आयुष्यात कोणते नैतिक प्रश्न पडावेत याला काही सुमार असावा. अर्जुनाला पडला तो प्रश्न शोभून दिसतो. समोर अकरा अक्षौहिणी सैन्य, हातात गांडीव, आणि घोड्यांचे लगाम धरायला साक्षात भगवान! मी बँकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. मला प्रश्न पडला तो असा, की गुलाबी बोंडअळीला जेवायला वाढावं की वाढू नये? आणि सारथ्याला कोण, तर आमची सौ. तिने गीता एका वाक्यात आटोपली : "आधी स्वतःचं ताट उचला, मग अळीचं बघा."

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि शेती म्हणजे कुंडीतली तुळस एवढीच ठाऊक असलेल्या गृहस्थाला बोंडअळी भेटली कुठे, असं तुम्ही विचाराल. ती भेटली सासुरवाडीला. माणसाला आयुष्यात जे काही भेटतं त्यातलं निम्मं तिथेच भेटतं. सौ.चं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. तिचे थोरले भाऊ, ज्यांना ती दादा म्हणते म्हणून मीही दादाच म्हणतो, पाच एकरांत कपाशी करतात. काळी जमीन, एक विहीर, दोन बैल आणि सोसायटीचं कर्ज. कर्ज हा विषय निघाला की दादा माझ्याकडे अशा नजरेने बघतात, की जणू काही देशातलं सगळं व्याज मीच बसवलंय.

२००९ सालच्या जूनमध्ये आम्ही तिकडे गेलो होतो. पहिला पाऊस पडून गेला होता आणि घरात सरकी डोबण्याची गडबड चालली होती. ओसरीवर बियाण्याच्या थैल्या रचलेल्या. मला काही काम नव्हतं. सासुरवाडीला काम नसलेला जावई आणि लग्नात काम नसलेला फोटोग्राफर यांच्याइतकं धोकादायक प्राणी नाही. मी एक थैली उचलली आणि आतलं पत्रक वाचू लागलो. बारीक अक्षरातला मजकूर दिसला की वाचल्याशिवाय मला राहवत नाही. तीस वर्षं मी लोकांना अशाच कागदांवर न वाचता सह्या करायला लावत होतो. कुठे तरी त्याचं प्रायश्चित्त घ्यायला हवंच.

थैलीत दोन पुड्या निघाल्या. एक मोठी, साडेचारशे ग्रॅमची, तिच्यात बी. टी. कपाशीचं बी. दुसरी छोटी, एकशेवीस ग्रॅमची; तिच्यात साधं, बी. टी. नसलेलं बी. पत्रक सांगत होतं, की मोठ्या पुडीतलं बी शेतात लावा आणि छोट्या पुडीतलं सभोवार लावा. किमान पाच ओळी, किंवा शेताचा पाचवा हिस्सा, यांतलं जे जास्त होईल तेवढं. कशासाठी? तर अळीने खावं म्हणून!

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अळीने खाऊ नये म्हणून महागडं बी घ्यायचं आणि तिने खावं म्हणून त्याच थैलीत तिचं जेवणही न्यायचं. चोराला मारायला रखवालदार ठेवावा आणि रखवालदाराच्या पगारातच चोराचा डबा धरावा, तसला प्रकार.

"दादा, ही छोटी पुडी?"

"ते होय? ते रेफ्युजी," दादा म्हणाले. "फेकाचं असते."

इंग्रजीत त्याला रेफ्यूज म्हणतात, म्हणजे आसरा. आपल्या गावांनी त्याचं 'रेफ्युजी' केलं आणि वागणूकही तशीच दिली. कुणी उकिरड्यावर टाकत, कुणी बांधावर उधळत. दादांचा स्वभाव कंजूष म्हणण्याइतका जपणुकीचा. ते फेकत नसत. बियाण्याला औषध चोपडलेलं असतं, म्हणून म्हशीलाही घालता येत नाही. तेव्हा ती पुडी ते गोठ्याच्या आढ्याला अडकवून ठेवत. पुढेमागे कामाला येईल म्हणून.

आता हे बी. टी. म्हणजे काय ते थोडं सांगितलं पाहिजे. भिऊ नका, मला जेवढं समजलं तेवढंच सांगतो. म्हणजे फार वेळ लागणार नाही. मातीत एक जिवाणू असतो. जपानात १९०१ साली रेशमाचे किडे पटापट मरायला लागले, तेव्हा इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञाला तो सापडला. पुढे १९११ साली जर्मनीत बर्लिनर नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाला तोच पिठातल्या पतंगाच्या अळीत सापडला. ते पीठ थुरिंजिया प्रांतातलं, म्हणून जिवाणूचं आडनाव थुरिंजिएन्सिस. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं त्यातलाच प्रकार, आपण थुरिंजकर म्हणू. या थुरिंजकरांच्या अंगात एक प्रथिन असतं. ते अळीच्या पोटात गेलं की आतड्याला भोकं पडतात आणि अळी जेवणावरची वासना सोडते. माणसाच्या पोटात त्याला पाय रोवायला जागाच मिळत नाही. शास्त्रज्ञांनी एवढंच केलं, की हे प्रथिन तयार करण्याची कृती जिवाणूच्या घरातून उचलली आणि कपाशीच्या घरात नेऊन ठेवली. मग झाड स्वतःच औषध तयार करू लागलं.

आपल्याकडे मार्च २००२ मध्ये या कपाशीला सरकारी परवानगी मिळाली. म्हणजे कागदावर. त्याआधीच ऑक्टोबर २००१ मध्ये गुजरातेत हजारो एकरांवर विनापरवाना बी. टी. कपाशी फुललेली सापडली होती. सरकार सोडमुंजीचा मुहूर्त काढत बसलं होतं, इकडे पोराला मिशा फुटल्या होत्या! सुरुवातीला एका थैलीला सोळाशे रुपयांच्या आसपास पडत. २००६ साली सरकारांनी ओरडा केल्यावर भाव साडेसातशेवर आला. पुढे दहाएक वर्षांत देशातली नव्वद टक्क्यांवर कपाशी बी. टी. झाली आणि कापसाचं उत्पादन दुपटीहून अधिक झालं. यातलं श्रेय बियाण्याचं किती, पाण्याचं किती आणि खताचं किती, यावर विद्वानांची भांडणं चालू आहेत. मी त्यात पडत नाही. घरातल्या मुलाला मार्क चांगले पडले की ते आईवर गेल्यामुळे की क्लासमुळे, या वादात पडून कुणाचं भलं झालंय?

पण अळीसुद्धा काही दूधखुळी नसते. लाखो अळ्यांत एखादीला जन्मजात हे प्रथिन पचतं. जसे आमच्या चाळीत एक काका होते, त्यांना काहीही पचायचं. सगळ्या अळ्या मेल्या तरी हे काका उरतात. काकांचा पतंग होतो. आता त्यांना जोडीदार हवा. शेतात दुसरं कोण उरलंय? तशीच दुसरी पचवणारी काकू. त्यांचा संसार झाला की सगळी पोरं तशीच निपजतात, आणि सोळाशेची थैली सोळा पैशांची होते.

म्हणून ती छोटी पुडी. शेजारी साध्या कपाशीवर साध्या अळ्या सुखाने जेवतात, त्यांचे हजारो पतंग होतात आणि काका जोडीदार शोधायला बाहेर पडले की त्यांची गाठ हटकून साध्या घराण्यातल्या मुलीशी पडते. ही पचवण्याची शक्ती दोन्ही कुळांकडून आली तरच पोरांत उतरते. एकाच बाजूने आली तर पोरं साधी होतात आणि बी. टी.च्या बोंडावर मरतात. म्हणजे ती एकशेवीस ग्रॅमची पुडी हे खरं तर अळ्यांचं वधूवर सूचक मंडळ!

मला ही कल्पना अतिशय आवडली. मला आमच्या आजीची आठवण झाली. परसातले आंबे उतरवताना गड्याला ती दरवर्षी खालून ओरडून सांगायची, "वरचे चार राहू देत रे, पाखरांचे आहेत." मला लहानपणी वाटायचं, पाखरांनी येऊन तिला सांगितलं असणार. जेवायला बसल्यावर पानाभोवती चित्राहुती, गाईला घास, कावळ्याला पिंड. आपल्याकडे उपाशी राहणाऱ्याला उपाशी राहावं लागायचं, पण किडामुंगीची सोय असायची. शंभर वर्षं संशोधन करून शास्त्र शेवटी आजीच्या परसात आलं, असं एक वाक्य मला सुचलं आणि मी ते दादांना रात्री जेवताना ऐकवलं. वर पाचव्या हिश्श्याचं महत्त्व सविस्तर सांगितलं. वधूवर मंडळासकट.

दादांनी शांतपणे भाकरी संपवली. पाणी प्यायले.

"भाऊजी, एक सांगा," ते म्हणाले. "माह्याजवळ पाच एकर. त्यातला एक एकर अळीले. बरं, देला. शेजारी पंचवीस एकरवाला हाये, तो एक ओळ सोडत नाही. आता माह्या एकरात अळी जेवंन, मोठी होईन, पतंग होईन आन् लग्नाले जाईन त्याच्या वावरात. पोरगी माही, मांडव माहा, जेवणावळ माही. आन् बी टिकंन कोणाचं? त्याचं! हे कोन्या शास्त्रात लिहिलं हाये?"

मी पत्रक पुन्हा वाचलं. त्यात हे नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर आजीच्या शास्त्रातही याचं उत्तर नव्हतं. शेजारीण आपल्या झाडावर चार आंबे सोडते का, हे आजीने कधी वाकून पाहिलं नाही. तिने पाहिलं असतं तर तिचं पुण्य बहुधा थोडं कमी झालं असतं. पण आजीच्या आंब्याला व्याज नव्हतं. वरचे चार आंबे गेले म्हणून तिला कुणी बँकेत हात जोडून उभं केलं नाही. पाखरांचे चार आंबे हा दानाचा भाग झाला. अळीचा पाचवा हिस्सा हे दान नव्हे, तो विम्याचा हप्ता आहे. आणि हा असला विमा, की हप्ता मी भरायचा, गावाचं घर वाचवायचं आणि गावाने भरला नाही तर माझंही घर जळायचं. सगळ्यांनी केलं तरच ज्याचा उपयोग, ते एकट्याने करणं हा धर्म की गाढवपणा? एवढं मात्र दिसत होतं, की धर्म कोणता ते मी सांगत होतो आणि एकर दादांचा जात होता.

ती चर्चा तिथेच थांबली. दुसऱ्या दिवशी पुडी आढ्याला गेली.

पुण्याला आलो. पुढच्या फेब्रुवारीत वांग्याचा प्रश्न निघाला. २००९ च्या ऑक्टोबरात सरकारी समितीने बी. टी. वांग्याला हिरवा कंदील दाखवला होता. मग पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यांतली एक नागपूरला, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्या वांग्याला स्थगिती दिली. ती अजून उठलेली नाही. बांगलादेशाने मात्र २०१४ पासून तेच वांगं शेतात लावलं. आमच्या बिल्डिंगच्या कट्ट्यावर तेव्हा रोज रात्री वांगं शिजत होतं. ज्यांनी जन्मात वांग्याच्या भाजीला हात लावला नव्हता, तेही त्याच्या शुद्धतेसाठी प्राण द्यायला निघाले होते. चर्चेला सोबत म्हणून फरसाणची पुडी फिरत असे. फरसाण कशात तळतात, तर पुष्कळदा सरकीच्या तेलात. सरकी कुणाची? नव्वद टक्के थुरिंजकरांची. हे मी कट्ट्यावर सांगितलं तेव्हा क्षणभर शांतता पसरली आणि मग एकाने विषय बदलून पाण्यावर नेला.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. ती द्यायची नसती तर मी हा लेखच लिहिला नसता. बोंडअळीवर लिहिण्याएवढा माझा अधिकार नाही.

आमच्या बिल्डिंगला त्या काळी टाकी नव्हती, म्हणजे होती पण गळकी होती. महापालिकेचं पाणी पहाटे पाचला थेट नळाला यायचं. सोसायटीच्या सभेत एकमताने ठराव झाला, की नळाला कुणी मोटार लावू नये. एकाने ओढलं तर बाकीच्यांना हवा मिळते. ठराव मीच लिहिला होता, माझं अक्षर बरं म्हणून. महिन्याभरात समोरच्या ब्लॉकमधून पहाटे पाचला घुर्र असा आवाज येऊ लागला. आठ दिवस मी नळाखाली बादली लावून आजीचं स्मरण केलं. नवव्या दिवशी मीही मोटार आणली. अर्ध्या हॉर्सपॉवरची. आवाज येऊ नये म्हणून तिला जुनी सतरंजी गुंडाळली. समोरचा ओढतो तर मी एकट्याने कोरडं का राहायचं? दुसऱ्या वर्षी सगळी बिल्डिंग पहाटे पाचला घुरघुरू लागली आणि पाणी कुणालाच येईना. पाच एकरवाल्या दादांना मी जो धर्म सांगितला होता, तो मला दोन बादल्यांतही पाळता आला नव्हता.

मार्च २०१० मध्ये बातमी आली, की गुजरातेत सौराष्ट्राच्या बाजूला गुलाबी बोंडअळीला पहिल्या पिढीचं बी. टी. पचू लागलंय. एका प्रथिनाऐवजी दोन प्रथिनांचं नवं बियाणं २००६ पासून मिळतच होतं, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दुसरी अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो, वाटेल ते खाते. तिला बाहेर आपसूक आसरा मिळतो. गुलाबीबाई फार सोवळ्या. कपाशी सोडून त्या जवळजवळ कशाला तोंड लावत नाहीत. त्यात आपली कपाशी संकरित, लांब मुदतीची. विहिरीला पाणी असलं की शेतकरी तिला डिसेंबरनंतरही राखतो आणि फरदड घेतो. म्हणजे बाईंची पंगत उठतच नाही. पाच-सात वर्षांत दुसरं प्रथिनही त्यांच्या अंगवळणी पडलं.

मला राहून राहून नवल वाटतं ते हे, की हीच अळी अमेरिकेत ॲरिझोनात होती आणि हेच बी तिथे १९९६ पासून होतं. तिथल्या शेतकऱ्यांनी दहा वर्षं अळीचा वाटा नेमाने सोडला. मग २००६ पासून सरकारने नि शेतकऱ्यांनी मिळून विमानातून अब्जावधी वांझ पतंग सोडले. म्हणजे नवरदेवांची वरात आकाशातून, पण संसार शून्य. २०१८ साली अमेरिकेच्या कृषिखात्याने ही अळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. ते सगळे साधुसंत होते असं नाही. त्यांची शेतं प्रचंड, वाटा सोडून उरेल एवढी. आणि वाटा सोडला की नाही हे बघायला माणूस येत असे. चीनची गंमत तर याहून भारी. यांगत्सेच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी स्वस्त मिळतं म्हणून संकरित कपाशीचं दुसऱ्या पिढीचं बी लावलं. दुसऱ्या पिढीत सुमारे पाव झाडं बी. टी.वाचून निपजतात. म्हणजे अळीचं पान न मांडताच मांडलं गेलं, आणि तिथली अळी पुन्हा मरू लागली. काटकसरीने जे साधलं, ते आमच्या पत्रकाने साधलं नाही.

२०१७ च्या ऑक्टोबरात दादांचा फोन आला. दादा फोनवर कमी बोलतात. त्या दिवशी त्याहून कमी बोलले. सौ. तेवढ्यावरून ओळखायची ते ओळखली. कपाशीवर नाना तऱ्हेच्या किडी पडल्या होत्या, गावोगाव फवारण्या चालल्या होत्या. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, उकाडा, तोंडाला फडकं, पाठीवर पंप. त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. दादांना शेतातच घेरी आली होती. दोन दिवस दवाखान्यात काढून घरी आले होते, आणि मगच त्यांनी फोन केला होता.

डिसेंबरात आम्ही गेलो. दादा मला वावरात घेऊन गेले. फुलं उमलताना पाकळ्या चिकटून कळीची डोमकळी झालेली. बोंडं बाहेरून हिरवीगार, धडधाकट. दादांनी एक फोडून दाखवलं. आत पिवळट चिकटलेला कापूस आणि मधोमध एक अळी, बोटाच्या पेराएवढीही नाही, आणि रंग असा सुरेख गुलाबी, की सौ.च्या शालूला शोभावा.

"कवडी," दादा म्हणाले. "व्यापारी हात लावत नाही."

परत आल्यावर बैल बांधायला ते गोठ्यात गेले. मी मागे गेलो. वर आढ्याला पुड्या लटकत होत्या. रंग उडालेल्या, उंदरांनी काही कुरतडलेल्या. मी मोजायला लागलो आणि मध्येच थांबलो.

"मोजा नं," दादा म्हणाले. "तुमी सांगत होते ते खरं होतं. मले तवाच पटलं होतं."

"मग?"

"पटून काय करता? हप्ता भराचा होता."

बैलांपुढे वैरण टाकून ते हसले. "पंचवीस एकरवाल्याचंबी तेच झालं. तेवढं समाधान हाये."

दादांनी दोष दिला असता तर मला उत्तरं देता आली असती. चूक बियाणं विकणाऱ्यांची होती, पत्रक छापून हात झटकणाऱ्यांची होती, फरदड घेणाऱ्यांची होती, बघायला माणूस न पाठवणाऱ्या सरकारची होती. हे सगळं मी कट्ट्यावर छान मांडतो. पुढे तर साधं बी मोठ्या पुडीतच मिसळून द्यायची पद्धत आली, म्हणजे शेतकऱ्याला फेकताच येऊ नये. धर्म पाळला जात नाही म्हटल्यावर धर्म पिठात कालवून दिला. ते एका परीने शहाणपणाचंच झालं. पण गोठ्यात उभं राहिल्यावर यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना.

रात्री मी घसा खाकरून एक प्रस्ताव मांडला. येत्या हंगामात बांधाकडच्या पाच ओळी अळीसाठी सोडाव्यात. त्या पाच ओळींचं जे काय नुकसान होईल ते मी भरीन. अळीच्या वतीने मी खंड देतो म्हणा.

दादा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता संतापणार. बहिणीच्या नवऱ्याकडून पैसे घेणं हे त्यांच्या रीतीत बसत नाही.

"म्हणजे तुमी अळीचे वकील."

"कूळ म्हणा."

"आन् शेजारचा?"

"त्याचं त्याच्यापाशी."

"मंग आता सोडून उपेग? अळी तर पोचली नं."

हे खरं होतं. बैल गेला नि झोपा केला यातलाच तो प्रकार. पचवणारे काका आता लाखात एक उरले नव्हते. गावभर त्यांचंच गोत झालं होतं. पाच ओळींतल्या साध्या मुली कुणाकुणाला पुरणार? मी तसं कबूल केलं. मग मी हे का म्हणतोय, असं दादांनी विचारलं. मला नीट सांगता आलं नाही. सौ. भाकरी थापता थापता आतून म्हणाली, "दादा, यांच्या मोटारीचं विचार यांना."

तिने ते सगळं सांगितलं. सतरंजीसकट. ठराव कुणाच्या अक्षरात होता तेही. बायको ही माणसाची अर्धांगी असते म्हणतात. ते कुठलं अर्धं ते अशा वेळी कळतं.

दादा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. दवाखान्यातून आल्यापासून ते पहिल्यांदाच असे हसले, असं वहिनी म्हणाल्या. मग डोळे पुसून त्यांनी सौदा ठरवला. पैसे नकोत. पाच ओळी ते सोडतील, पण मी पुण्याला जाऊन मोटार काढायची. काढली की नाही, याची खातरी बहीण देईल. बघायला माणूस हवा नं!

२०१८ च्या जूनमध्ये छोट्या पुडीतलं बी पहिल्यांदा मातीत गेलं. दादांनी त्या वर्षी कामगंध सापळेही लावले. त्यात मादीच्या वासाची वडी असते आणि नर पतंग लग्नाच्या आशेने येऊन अडकतात. त्याबद्दल ते म्हणाले, "तुमच्या मंडळापेक्षा हे बरं, फसवणूक तरी सरळ हाये." डिसेंबरात पऱ्हाटी उपटून टाकली, फरदड घेतली नाही. कापूस बरा निघाला. सापळ्यामुळे की फरदड न घेतल्यामुळे की पावसामुळे, कोण सांगणार? पाच ओळींमुळे नसावा. त्या पाच ओळींतलं निम्मं बी उगवलंच नव्हतं, आणि जे उगवलं ते अळीने नीट बसून खाल्लं.

मी मोटार काढली. सतरंजी धुतली. समोरच्या ब्लॉकमधून पहाटे पाचला अजून घुर्र येतं. आमच्या नळाला सहाच्या सुमारास करंगळीएवढी धार लागते, पाऊण तासात एक बादली आणि एक तांब्या भरतो. त्या वेळात मी नळाशी स्टूल टाकून पेपर वाचतो. परवा दादांचा फोन आला होता. ख्यालीखुशाली झाल्यावर म्हणाले, "बाईले फोन द्या."

सौ.ने फोन घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो दादा, बसलेत स्टुलावर."